धागा: रस्त्यात अर्धा गट जातो, उरलेल्या अर्ध्याचं काय?

कडबापेंढी
सोलापूर जिल्ह्यात सध्या जमीन संपादनाशिवाय दुसरी चर्चा नाही. सुरत-चेन्नई महामार्ग (बार्शी, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट), सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे, शक्तिपीठची आखणी, आणि शहराच्या कडेने वाढणारं प्लॉटिंग वेगळंच. चर्चा मात्र एकाच गोष्टीवर येऊन थांबते: एकरी किती मिळाले?

मला विचारायचंय ते न गेलेल्या जमिनीबद्दल. समजा चार एकरांचा गट आहे आणि रस्ता त्यातून तिरका जातो. दीड एकर गेली. विहीर राहिली उत्तरेला, डाळिंब दक्षिणेला. मधे भराव. ओढ्याचं पाणी जिथून जायचं तिथून आता जात नाही. मोबदला दीड एकराचाच मिळतो. उरलेल्या अडीच एकरांचं जे होतं त्याची भरपाई कायद्यात आहे का? असेल तर मागायची कशी, आणि कधी? आणि पैशात न बसणारं जे नुकसान आहे, पाणी, वैरण, माळ, त्याचं काय?

जाणकारांनी लिहावं. ‘कोर्टात जा’ एवढाच सल्ला नको.

हुरडापार्टी
पहिला नंबर माझा. जाणकार नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, लाह्या.

मोजणीदार
कायद्यात आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६, कलम ३-जी(७). मोबदला ठरवताना चार गोष्टी बघायच्या असं तिथे लिहिलंय. एक, ३-ए अधिसूचनेच्या (जमीन घेणार असं पहिल्यांदा जाहीर होतं ती) तारखेचा बाजारभाव. दोन, जमीन तुटल्यामुळे उरलेल्या जमिनीचं झालेलं नुकसान. तीन, संपादनामुळे तुमच्या इतर मालमत्तेला किंवा कमाईला बसलेला फटका. चार, घर किंवा धंदा हलवावा लागला तर त्याचा वाजवी खर्च. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २८ जवळजवळ हेच सांगतं.

मग निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, हा आकडा का दिसत नाही? कारण संयुक्त मोजणीच्या दिवशी तो कुणी लिहून दिलेला नसतो. प्रांत कार्यालय (महामार्गाला बहुतेक वेळा तेच सक्षम प्राधिकारी असतात) निवाडा करतं कागदावरून. मोजणी पत्रकात विहीर ‘संपादनाबाहेर’ असेल तर त्यांच्या लेखी विहिरीचं काहीच झालेलं नाही. विहीर जागेवर आहे, पाणी आहे, पण ती जी जमीन भिजवायची ती पलीकडे गेलीय, हे नकाशात दिसतच नाही.

म्हणून मोजणीच्या दिवशीच एक पानी लेखी अर्ज द्या. गट नंबर, एकूण क्षेत्र, जाणारं क्षेत्र, उरलेल्या प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र, कुठल्या तुकड्याला पाणी कुठून येतं, रस्ता कुठून येतो. सोबत हाताने काढलेला नकाशा चालतो. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवा.

नवीपेठकर
@मोजणीदार, पण हरकत घ्यायला २१ दिवस असतात ना? त्यातच हे सगळं लिहायचं का?

मोजणीदार
नाही, इथेच गल्लत होते. ३-सी खालचे ते २१ दिवस जमिनीच्या वापराबद्दलच्या हरकतीचे आहेत: आखणी चुकलीय, गट नंबर चुकलाय, ओढा बुजतोय, मोरी नाही. ‘भाव कमी आहे’ अशी हरकत तिथे दिली की एका ओळीत फेटाळली जाते आणि बाकीचे चांगले मुद्दे पण तिच्याबरोबर जातात. भावाचा आणि जमीन तुटल्याचा मुद्दा ३-जी च्या, म्हणजे मोबदल्याच्या, सुनावणीत. ३-डी (संपादनाची अंतिम घोषणा) प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारच्या मालकीची झाली, मग आखणीवर बोलण्यात अर्थ उरत नाही. अधिसूचना दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक मराठी. दिवस मोजायचे ते राजपत्राच्या तारखेपासून, गावात बातमी पोचली त्या दिवसापासून नाही.

हुतात्माएक्सप्रेस
एक वेगळा सूर लावतो, मारायला धावू नका. कोरडवाहू जमीन, पाऊस साडेपाचशे मिमीच्या आसपास, तोही दोन वर्षांत एकदा दगा देणार. अशा जमिनीला बाजारात कुणी विचारत नव्हतं. सरकार दुप्पट-चौपट देतंय तर रडगाणं कशाला? कितीतरी जण मनातून म्हणतात, आमच्यातनं का नाही गेला रस्ता.

शेंगाचटणी
चौपट? कुठल्या साली बे?

हिशेब मांडून दाखवते. २०१३ च्या कायद्याचं सूत्र: बाजारभाव गुणिले गुणक (सरकारने ठरवलेली पट), त्यात झाडं-विहीर-घर यांची किंमत मिळवा, आणि जी बेरीज येईल तेवढीच पुन्हा दिलासा रक्कम म्हणून. समजा बाजारभाव हेक्टरी १० लाख धरला आणि झाडं-विहिरीचे २ लाख. गुणक २ असेल तर २० अधिक २ म्हणजे २२, दिलासा २२, एकूण ४४ लाख. गुणक १ असेल तर १० अधिक २ म्हणजे १२, दिलासा १२, एकूण २४ लाख. राज्याने महामार्गांसाठी ग्रामीण भागाचा गुणक २०२१ साली २ वरून १ वर आणला. सुरत-चेन्नईला आपल्याकडे एवढा विरोध झाला त्यामागे ही २० लाखांची दरी आहे. तेव्हा निवाडा हातात आला की आधी गुणकाचा रकाना बघा, मग शेवटची बेरीज.

आणि तो ‘बाजारभाव’ येतो कुठून? रेडी रेकनरचा दर, किंवा मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यातलं जे जास्त असेल ते. आता गंमत बघा. गावात ३० लाखाला झालेला व्यवहार मुद्रांक वाचवायला ९ लाखाचा दाखवलेला असतो. वर्षानुवर्षं सगळ्या गावाने तेच केलेलं असतं. संपादन आलं की तीच कागदं समोर ठेवून सरकार म्हणतं, तुमच्याकडे भाव ९ लाखच चाललाय!

हुरडापार्टी
आपलीच भाकरी, आपल्याच ताटात, कडक होऊन.

मोजणीदार
@शेंगाचटणी बरोबर. पण सगळी खतं अशी नसतात. ज्याने बँकेचं कर्ज काढून घेतलीय त्याचं खत बऱ्याचदा खऱ्या आकड्याच्या जवळ असतं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि वर्ष टाकून सूची २ (नोंदलेल्या खताचा गोषवारा) काढता येते. शेजारच्या गावाचीही बघा, जमीन सारखी असेल तर ती चालते. ३-ए च्या आधीची तीन वर्षं, नंतरची नाही.

आणखी दोन ठिकाणी पैसे गळतात. पहिलं, सातबारावर विहिरीची नोंद नाही आणि जमीन जिरायत म्हणून लागलीय, प्रत्यक्षात बागायत. दुसरं, पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून लागलेलं क्षेत्र. आजोबांच्या काळात पोटखराब लागलेलं क्षेत्र आता वहितीखाली असतं, पण निवाड्यात त्याचा दर पडतो पोटखराबचाच. दोन्ही दुरुस्त्या होतात, पण ३-ए च्या आधी. नंतर केलेली नोंद संशयानेच बघतात. ई-पीक पाहणीचंही तसंच: बाग उभी आहे पण ॲपवर नोंद नाही, तर झाडं मोजायला आलेला माणूस आधी सातबाराच उघडतो.

काळीभोर
झाडांवरून. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभाग करतो, सागासारख्या झाडांचं वन विभाग, घर-गोठ्याचं सार्वजनिक बांधकाम. एका शेतासाठी तीन खाती तीन वेगळ्या दिवशी येतात. एकाचा अहवाल राहिला तर निवाड्यात त्या रकान्यात शून्य.

संख्या स्वतः मोजून ठेवा. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर असेल तर हेक्टरी ७४० झाडं बसतात. द्राक्ष नऊ बाय पाच फुटांवर, एकरी ९६८ वेली. पत्रकात याच्यापेक्षा फार कमी आकडा दिसला तर सही करू नका.

द्राक्षबागेचं एक खास दुखणं आहे, ते कुणीच लिहीत नाही. मांडव उभा असतो ताणावर. कडेचे अँगल आणि जमिनीत गाडलेले ताण यांनी सगळ्या तारा ओढून धरलेल्या असतात. रस्त्याने बागेची फक्त एक कड कापली, समजा चार ओळी, तरी त्या बाजूचा ताण सुटतो आणि उरलेला सगळा मांडव ढिला पडतो. नवीन कडेला पुन्हा अँगल, पुन्हा ताण, पुन्हा तार ओढायची, तीही वेली अंगावर असताना. मोबदला मिळतो चार ओळींचा. हे ‘तुटीमुळे झालेलं नुकसान’ यात शंभर टक्के बसतं. कोटेशन घेऊन जोडा.

ठिबकचंही तेच. फिल्टर आणि पंप एका बाजूला, सबमेन (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारा पाईप) दुसऱ्या बाजूला.

सिव्हिलवाला
पाईपलाईनवर आलाच आहात तर. रस्त्याखालून पाईप न्यायचा असेल तर भराव पडायच्या आधी न्या. रस्ता झाल्यावर त्याच कामाला महामार्गाच्या कार्यालयाची परवानगी, शुल्क, अनामत आणि आडवं ड्रिलिंग, एवढं सगळं लागतं. भरावाच्या आधी तेच काम ठेकेदाराचं जेसीबी अर्ध्या दिवसात करतं.

मागायचं काय? नुसता पीव्हीसी पाईप टाकून मागू नका, भरावाच्या वजनाखाली आणि रोलरखाली तो चेपतो. केसिंग, म्हणजे बाहेरचा मोठा पाईप, मागा. ३०० मिमीचा सिमेंटचा ह्यूम पाईप, रस्त्याच्या हद्दीपासून हद्दीपर्यंत. त्यातून तुमचा तीन इंची पाईप, ठिबकची सबमेन आणि वेगळ्या नळीतून मोटारीची केबल आरामात जाते, आणि उद्या पाईप फुटला तर ओढून बदलता येतो. दोन शेतकऱ्यांचं पाणी जवळून जात असेल तर एकत्र मागा, ठेकेदार लवकर ऐकतो.

जाण्यायेण्याचं: नकाशात ‘अंडरपास’ एवढंच बघून समाधान मानू नका, उंची विचारा. तीन मीटरच्या मोरीतून माणूस आणि जनावर जातं. कडब्याची गाडी, उसाची भरलेली ट्रॉली, मळणी यंत्र जात नाही. मग चार किलोमीटरचा वळसा. तो वळसा कोणाच्याच निवाड्यात नसतो.

भीमाकाठ
आणि पाण्याचं काय? मूळ धाग्यात ओढ्याचा प्रश्न होता.

सिव्हिलवाला
येतोय तिकडेच, भाकरी खाऊ द्या की.

काळ्या जमिनीच्या उतारावर पाऊस पडला की पाणी पसरून वाहतं. एखाद्या किलोमीटरच्या लांबीत ते कुठूनही खाली जायचं. भराव घातला की सगळं अडतं आणि एका मोरीत गोळा होतं. त्याचे दोन परिणाम. वरच्या अंगाला पाणी साठतं. काळी माती निचऱ्याला आधीच वाईट, चार-पाच दिवस उभं पाणी म्हणजे तूर गेली, डाळिंबाला मर. दरवर्षी होत राहिलं की जमीन चोपण (क्षारयुक्त, नापीक) होते. खालच्या अंगाला उलटं: तेवढं सगळं पाणी एका तोंडातून जोरात बाहेर पडतं आणि शेतात घळ पाडतं.

बघायच्या गोष्टी तीनच. मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळतो का (अर्धा मीटर वर असेल तर तेवढं पाणी वर कायम साठणार). मोरीच्या खालच्या तोंडाला दगडी पिचिंग आहे का. आणि भरावाच्या पायथ्याने चर काढून तो खऱ्या ओढ्यापर्यंत नेलाय का. बहुतेक ठिकाणी चर असतो, पण शेवट कुणाच्यातरी बांधावर होतो आणि मग भाऊबंदकीत आणखी एका कलमाची भर. हे तिन्ही ३-सी च्या हरकतीत लिहिण्यासारखे मुद्दे आहेत.

सप्टेंबर २०२५ ला सीनेला जो पूर आला, तसा पाऊस भरावाच्या वरच्या अंगाला पडला तर काय होईल याचा अंदाज ओढा कोरडा असताना येत नाही. आखणीवाले येतात मे महिन्यात.

भीमाकाठ
त्यात मुरूम घाला. नुसता रस्ता जमीन खात नाही, भरावही खातो. सरासरी तीन मीटर उंच भराव, वर ३० मीटर रुंद, दोन्हीकडे १:२ उतार धरला तर एका किलोमीटरला एक लाख आठ हजार घनमीटर माती. १४ घनमीटरचा हायवा धरा, साडेसात हजारांच्या वर खेपा झाल्या. एवढं येणार कुठून? आजूबाजूच्या माळातूनच.

शेतकऱ्याला सांगतात, तुमचा माळ सपाट करून देतो, वर शेततळं फुकट. खोदतात मात्र कठीण लागेपर्यंत. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. पावसाचं पाणी धरून ठेवून विहिरींना पाझरवणारा थर हा मुरमाचाच असतो. तोच उचलला की शेजारच्या दहा विहिरींचं पाणी महिनाभर आधी तळाला जातं. करार करायचाच असेल तर खोली मीटरमध्ये लिहून घ्या, वरची काळी माती बाजूला रचून काम संपल्यावर परत पसरायची हे लिहून घ्या, आणि रॉयल्टीची पावती कुणाच्या नावाची हे बघा. नाहीतर हायवा निघून जातो आणि दंडाची नोटीस सातबाराच्या मालकाला येते.

याला पर्यायही आहे. तलाव-नाल्यांचा गाळ-मुरूम काढून महामार्गाला वापरायचा, बुलढाणा पॅटर्न म्हणतात त्याला. तलाव खोल होतो, माळ वाचतो.

पक्षीवेडा
माळावरून आठवलं. सगळ्यात आधी जातो तो माळ आणि गायरान, कारण कागदावर ते ‘पडीक’ असतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं तेव्हा ८,४९६ चौरस किमी होतं. माणसांची गावं, शेतं, शहराचा भाग, सगळंच त्यात आलेलं, त्यामुळे खरेदी-विक्री अडायची आणि पक्ष्यावर लोकांचा राग. नंतर ते १,२२२ चौरस किमी केलं. आज माळढोक दिसणं म्हणजे नवल. बोरामणीच्या विमानतळासाठी जमीन घेऊन बरीच वर्षं झाली, अडलं ते वनजमिनीच्या तुकड्यावर आणि माळढोकच्या मुद्द्यावर.

माळ पडीक नसतो. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर तिथेच. आणि मेंढपाळ. कुंपणवाल्या महामार्गाने मेंढरांची वाट तुटली तर त्याची हरकत घेणारं कुणी नसतं, कारण वाटेचा सातबारा नसतो.

नवीपेठकर
माळढोक वाचवायचा की माणसं, हा जुना वाद इथे नको.

पक्षीवेडा
वाद नाहीच. मेंढपाळ माणूसच आहे की.

कडबापेंढी
वैरणीवर मी लिहितो, आयडीची लाज राखायला. मालदांडी ज्वारीचा कडबा चांगल्या भारी जमिनीत हेक्टरी ५०-६० क्विंटल पडतो. जनावराला रोज सहा किलो धरला तर एका हेक्टरात वर्षाला सव्वादोन, फार तर पावणेतीन जनावरं निघतात. महामार्गाची पट्टी ७० मीटर धरली तर एका किलोमीटरला सात हेक्टर, म्हणजे सतरा एकरांच्या वर. दर किलोमीटरला सोळा ते एकोणीस जनावरांची वैरण गेली. ज्वारी जाते तेव्हा दाण्याचा हिशेब होतो, कडब्याचा होत नाही. पुढच्या वर्षी गावात दूध कमी झालं की लोक म्हणतात, पोरांना जनावरं नकोत.

शेंगाचटणी
पैशावरचं एक राहिलं. जमीन एकाच्या वहिवाटीत, सातबारावर मात्र सगळे वारस. २००५ पासून मुलींचा वाटा समान आहे. वाटपावरून एकाने जरी तक्रार केली तर रक्कम ३-एच खाली दिवाणी न्यायालयात जमा होते आणि वाद मिटेपर्यंत तिथेच राहते. तेव्हा वारसनोंद आणि आपसातलं संमतीपत्र निवाड्याच्या आधी. ‘बहीण सोडून देईल’ हे गृहीत धरून चालू नका. का सोडावं तिने?

आणि मजूर. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नाही. संपादनाआधी तीन वर्षं तिथे राबणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी हेही त्यात येतात. २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने पुनर्वसनाचं परिशिष्ट महामार्गालाही लागू झालं. प्रत्यक्षात पंचनाम्यात बटईदाराचं नाव नसतं, कारण मालकच ते लिहू देत नाही, कूळ लागेल या भीतीने. ही भीती सरकारची नाही, आपली आहे.

हुतात्माएक्सप्रेस
बरं, माझा ‘रडगाणं’ शब्द मागे घेतो. पण पैसे आल्यावरचं कोण बोलणार? स्कॉर्पिओ, बॅनर, वाढदिवस.

हुरडापार्टी
‘भावी सरपंच’ राहिलं.

नवीपेठकर
स्कॉर्पिओची चेष्टा सोपी आहे. खरी अडचण अशी की एका गावात एकाच महिन्यात चाळीस घरांना पैसे मिळतात आणि चाळीसही जण पंधरा किलोमीटरच्या आत जमीन शोधायला निघतात. भाव दीडपट होतो. गेली तेवढी परत मिळत नाही. सगळी जमीन गेली असेल तर शेतकरी असल्याचे जुने उतारे जपून ठेवा, ते नसतील तर पुढे शेतजमीन खरेदी करता येत नाही. मोबदल्यावर आयकर नाही. वाढीव मोबदल्यावरच्या व्याजावर मात्र आहे, निम्मं वजा जाता.

शहराच्या बाजूचं संपादन आणखी वेगळं, तिथे नोटीसही येत नाही. १९९२ च्या हद्दवाढीत ११ गावं महापालिकेत आली, शहर ३३ चौरस किमीचं १७८ झालं. शेतावर आरक्षण पडतं: बाग, शाळा, रस्ता. जमीन घेत नाहीत, वापरूही देत नाहीत. दहा वर्षं झाली की नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. २४ महिन्यांत संपादन झालं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप उठतं. ही नोटीस न देताच लोक गुंठ्याने विकतात, आणि मग गटार नाही, रस्ता नाही म्हणून ‘हद्दवाढ भाग’ तीस वर्षं बोंबलतो. ओढ्यावरच प्लॉट पडलेत, पाणी घरात येणार नाही तर काय!

कडबापेंढी
परत मूळ प्रश्नावर येतो. समजा मोजणीच्या दिवशी काहीच लिहून दिलं नाही आणि निवाडा होऊन गेला. मग तुटीचं नुकसान गेलंच का?

मोजणीदार
गेलं नाही. रक्कम ‘हक्क राखून’ असं लिहून उचला, आणि ३-जी(५) खाली लवादाकडे अर्ज करा. आपल्याकडे लवाद बहुधा जिल्हाधिकारीच असतात. तिथे जमीन तुटल्याचा मुद्दा स्वतंत्र शीर्षकाखाली मांडा, दरवाढीच्या मागणीत मिसळू नका. पुरावा म्हणून मोजणीची क प्रत (मोजणी नकाशाची अधिकृत प्रत), दोन्ही तुकड्यांचे फोटो, पाईपलाईन-मांडवाची कोटेशन्स, जुनी वीजबिलं, विहिरीची नोंद. भराव पडायच्या आधीचे उपग्रह नकाशे मोबाईलवर जुन्या तारखेने निघतात, त्यात ओढा स्वच्छ दिसतो.

लवादाकडे कसून तयारी करा, कारण पुढची वाट अरुंद आहे. जिल्हा न्यायालयात लवादाचा निवाडा रद्द करून मागता येतो. रक्कम वाढवून देणं न्यायालयाच्या हातात नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ ला सांगितलं, आणि २०२५ च्या घटनापीठाने दुरुस्तीला फटही बारीकच ठेवली.

भीमाकाठ
वाचनखूण साठवली. @सिव्हिलवाला, केसिंग पाईपचं पत्र कुणाच्या नावे द्यायचं, ठेकेदाराच्या की महामार्ग प्राधिकरणाच्या?

सिव्हिलवाला
प्रकल्प संचालकाच्या नावे, प्रत प्रांतांना आणि ठेकेदाराच्या साइट ऑफिसला. पत्रात रस्त्याची साखळी लिहा, म्हणजे किमी अमुक अधिक इतके मीटर. खुणेच्या दगडावर असते. ‘आमच्या विहिरीजवळ’ लिहिलंत तर कुणाला सापडणार नाही. आणि पाईप टाकल्यावर दोन्ही तोंडं सिमेंटच्या पोत्यांनी बंद करा, नाहीतर भरावाच्या वेळी आत मुरूम भरतो आणि पाईप आहे पण उपयोग नाही अशी गत होते. तोंडापाशी एक लोखंडी अँगल उभा गाडा, गवतात परत सापडायला.

काळीभोर
अँगल नको, रात्रीत भंगारात जाईल. दगड पुरा.